बॅटरी काढून चेक लाइट घालवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ ची पेट्रोल गाडी, दोन वर्षांपूर्वी बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं. मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून घेतली. तेव्हापासून सिग्नलला उभी असताना गाडी १३०० आरपीएमवर घुमते, आणि चौथ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. मित्र म्हणतो, बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेव, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) रीसेट होईल आणि सगळं जाग्यावर येईल. हे घरी करावं का?

करा. तुमच्या बाबतीत त्याचा निम्मा उपयोग होईलही, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं नुसतं फिरणं) बहुधा जागेवर बसेल. दिव्याचं मात्र सांगता येत नाही, कारण तो कशामुळे लागला हे अजून कुणी ईसीएममधून वाचलेलंच नाही. आणि बॅटरी काढलीत की ते वाचायची सोयही गेली. म्हणून आधी वाचा, मोबाइलवर फोटो काढा, मग पुसा. मी साताऱ्यात २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. चेक लाइटच्या गाड्यांमध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ खातात त्या घरून 'साफ करून' आणलेल्या.

रीसेटने नेमकं काय पुसलं जातं ते आधी बघू. ईसीएममध्ये दोन तऱ्हेची आठवण असते. एक कारखान्यात भरलेली: कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी द्यायची. बॅटरी काढा, गाडी वर्षभर अंगणात उभी करा, ती जात नाही. दुसरी आठवण गाडी चालता चालता ईसीएम स्वतः जमा करतो. सायलेन्सरच्या पाइपात, धूर बाहेर पडतो तिथे, ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. मिश्रण बरोबर असेल तर वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. त्यापेक्षा पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टकडे जातो, कमी झालं की ०.१ कडे. हे व्होल्टेज बघत ईसीएम इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किती वेळ उघडा ठेवायचा ते सतत कमीजास्त करत असतो. ही झाली शॉर्ट टर्म ट्रिम, दुकानदाराच्या पाटीवरच्या हिशेबासारखी, घडीघडीला पुसली जाणारी. एकच आकडा बराच वेळ पाटीवर राहिला की तो वहीत चढतो, ती लाँग टर्म ट्रिम. इंजेक्टर थोडा चोंदला, फ्यूएल पंप थकला, कुठून तरी चोरटी हवा येऊ लागली, की त्याची नोंद या वहीत सापडते.

बॅटरी काढल्यावर पाटी जाते, वहीही जाते. जुन्या गाड्यांमध्ये ही वही बॅटरीकडून चोवीस तास मिळणाऱ्या बारीक करंटवर जिवंत असायची, त्यामुळे वायर काढली की कोरी. नव्या गाड्यांमध्ये यातलं बरंच काही करंट नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेलं असतं. म्हणून 'रात्रभर बॅटरी काढून ठेवली तरी दिवा गेला नाही' अशी तक्रार येते तेव्हा त्यात गूढ काही नसतं. त्या गाडीला स्कॅनरनेच, म्हणजे ईसीएमशी बोलणाऱ्या यंत्रानेच, सांगावं लागतं.

आता तुमचं आयडलिंग. थ्रॉटल बॉडीतल्या बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकतीच्या) कडेला वर्षानुवर्षं काळं कार्बन बसतं आणि हवेची वाट अरुंद होते. गाडी बंद पडू नये म्हणून ईसीएम बटरफ्लाय केसभर जास्त उघडी ठेवायला शिकतो, आणि तुम्हाला वर्षभर ७५० आरपीएम गुण्यागोविंदाने मिळत राहतं. मग एक दिवस मेकॅनिक फडक्याने ते कार्बन पुसून टाकतो. वाट मोकळी झाली, पण ईसीएमला ते कुणी सांगितलं नाही. तो जुन्याच सवयीने जास्त उघडतो, जास्त हवा शिरते, गाडी १३०० वर. इथे रीसेट अगदी योग्य आहे, किंबहुना सफाई करणाऱ्याने गाडी देण्याआधी ते करूनच द्यायला हवं होतं. काही गाड्या दोन-तीन दिवसांत आपोआपही बसतात. काहींना मात्र स्कॅनरमधून थ्रॉटल अडॅप्टेशन चालवल्याशिवाय, म्हणजे बटरफ्लायची नवी जागा शिकवल्याशिवाय, पर्याय नसतो.

पण एक शंका. हेच लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसतं. थ्रॉटल बॉडी काढून पुन्हा बसवताना तिच्या मागचं गॅस्केट नीट बसलं नाही, ब्रेक बूस्टरकडे जाणारा किंवा पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत नेणारा) पाइप सैल राहिला, तर बटरफ्लायच्या पलीकडून हवा आत ओढली जाते आणि आयडलिंग चढतं. ही चूक घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये नेहमी होते, मी स्वतःही केली आहे. घरी तपासायचं तर इंजिन चालू ठेवा, हातभर लांब पाण्याची नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं टोक त्या जोडांच्या आसपास फिरवा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, ओढणी, सदऱ्याच्या बाह्या लांब. गळती असेल तिथे 'सूंऽऽ' असा आवाज नळीतून स्पष्ट येतो. काही जण कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून शोधतात. ते ज्वलनशील असतं आणि गरम इंजिनावर घरच्या माणसाने ते करू नये, एवढंच सांगतो.

एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपाची पट्टी सैल राहिली तर काय? ते गाडीवर अवलंबून आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांतल्या) दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून घेतात. त्यात पट्टी सैल असली तरी दिवा लागत नाही, फक्त न गाळलेली धूळ इंजिनात जाते. ज्यांत फिल्टरशेजारी हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यांत तीच सैल पट्टी 'मिश्रण लीन' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा कोड टाकते.

कोड म्हणजे काय, तर दिवा लागतो त्या क्षणी ईसीएम पी ने सुरू होणारा एक क्रमांक लिहून ठेवतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) नीट काम करत नाही. कोडबरोबर त्या क्षणाचं एक छायाचित्रही साठवलं जातं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: तेव्हा आरपीएम किती, वेग किती, कूलंट किती गरम, ट्रिम किती. कोडपेक्षा मला हे चित्र मोलाचं वाटतं, आणि का ते एका फजितीतून शिकलो.

स्कॅनर नवा घेतला होता तेव्हाची गोष्ट. एक सेडान आली, पी ०१७१. मी रुबाबात इरेज दाबलं, म्हटलं बघू परत येतो का. नाही आला. गाडी दिली. आठ दिवसांनी परत आली, पुन्हा इरेज. तिसऱ्या खेपेला मालकाचा चेहरा बघून मी शहाणा झालो आणि आधी फ्रीझ फ्रेम उघडली. कूलंट ३८ अंश, आरपीएम ७८०, वेग शून्य. म्हणजे सकाळी गाडी नुकतीच चालू केलेली, दारातच उभी. आणि मी तिला दर वेळी दुपारी, गरम इंजिनावर तपासत होतो! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला थंड इंजिनावर बॉनेट उघडलं. इन्टेक मॅनिफोल्डचं गॅस्केट एका कोपऱ्यात आकसलं होतं. थंड असताना हवा ओढायचं, इंजिन तापून धातू फुगला की फट बुजायची. दहा मिनिटांचं निदान मी तीन आठवडे लांबवलं, कारण त्याचा पुरावा दोनदा स्वतःच्या बोटाने पुसला होता.

कोड वाचायला घरी मोठा स्कॅनर लागत नाही. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा इएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ अॅडॅप्टर पाचशे-हजाराच्या घरात मिळतो. आयफोन असेल तर त्याला चालणारा आहे ना हे विचारून घ्या. टॉर्क किंवा तसंच एखादं ॲप टाका, चावी ऑन करा, कोड दिसतील. स्वस्तातल्या नकली अॅडॅप्टरला काही गाड्या दाद देत नाहीत, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर चालतो का बघितल्याशिवाय स्वतःच्या गाडीला दोष देऊ नका. आणि काम झालं की तो काढून ठेवा. कायम लावून ठेवलात तर गाडी उभी असतानाही थोडा थोडा करंट खातो, आठ-दहा दिवस गाडी हलली नाही की बॅटरी बसलेली. पूर्वी असलं काही नव्हतं. जुन्या सुझुकी इंजिनांत एक वायर अर्थ करायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची: एकदा, थांबून दोनदा, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक. वहीत टिंबं काढत बसायचो.

हे ॲप कोड पुसूनही देतं. चावी ऑन, इंजिन बंद, आणि क्लिअर. बऱ्याच गाड्यांत त्याने ट्रिमही शून्यावर येते. म्हणजे अॅडॅप्टर असेल तर बहुधा बॅटरीला हात लावायची गरज उरत नाही, घड्याळ आणि स्टिरिओचे स्टेशन तसेच राहतात. मी हाच रस्ता सुचवेन.

तुमच्या गाडीला सीएनजी आहे, तिथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते तुमच्या दिव्याचं मूळ तिथेच असू शकतं. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा स्वतःचा छोटा ईसीयू, म्हणजे कॉम्प्युटर, असतो. गाडीचा मूळ ईसीएम पेट्रोलच्या इंजेक्टरला 'इतके मिलिसेकंद उघड' असा हुकूम सोडतो. किट तो हुकूम मध्येच अडवतं, आपल्या मॅपिंगप्रमाणे (किटमध्ये भरलेल्या गॅसच्या हिशेबाप्रमाणे) त्याला गुणतं आणि गॅसच्या इंजेक्टरला देतं. पेट्रोलच्या ईसीएमला वाटतं, आपणच गाडी चालवतोय. ऑक्सिजन सेन्सर तोच, वही तीच. आता किटचं मॅपिंग लीन केलेलं असेल (ॲव्हरेज जास्त दिसावं म्हणून फिटर तसं करून देतात, गिऱ्हाईकही तेच मागतं) तर सेन्सर ओरडतो, 'इंधन कमी पडतंय', आणि ईसीएम वेळ वाढवत वाढवत लाँग टर्म ट्रिम अधिक १८, अधिक २० वर नेतो. गॅसवर गाडी झकास चालते. सकाळी मात्र ती पेट्रोलवर चालू होते, आणि वहीतला २० टक्के जादाचा हिशेब आता खऱ्या पेट्रोलला लागू होतो. मग मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), पेट्रोलचा वास, काळपट धूर, धक्के, आणि काही दिवसांनी दिवा.

अशा गाडीत रीसेट केलं की दोन-तीन दिवस फार छान वाटतं. वही कोरी झालेली असते ना. मग पुन्हा गॅसवर चालता चालता तेच आकडे भरतात. याला उपाय एकच: आधी गाडी निव्वळ पेट्रोलवर शंभरेक किलोमीटर चालवून ट्रिम शून्याच्या आसपास आणायची, आणि मग किटवाल्याकडे लॅपटॉप लावून गॅसचं मॅपिंग असं बसवायचं की पेट्रोलवरून गॅसवर गेलं तरी ट्रिम हलणार नाही. किटवाला 'मॅपिंग केलंय' म्हणाला तर त्याला विचारा, ट्रिम बघून केलंय का? कंपनीतून सीएनजी येणाऱ्या गाड्यांत दोन्ही इंधनांचा हिशेब जुळवूनच दिलेला असतो, त्यांना हा त्रास सहसा होत नाही.

ट्रिमचा आकडा वाचताना हल्लीच्या पेट्रोलचंही भान ठेवा. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, वजनाने ९ ला १ च्या आसपास. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तेवढ्याच हवेला जास्त इंधन सोडावं लागतं. तुमच्यासारख्या २०१७ च्या गाडीत लाँग टर्म ट्रिम अधिक पाच-सहा दिसली तर ते इंधनामुळे असू शकतं, बिघाड म्हणून धावपळ नको. रीसेट करून ती शून्यावर आणलीत तरी ईसीएम परत तिथेच जाऊन बसेल, आणि त्याचं बरोबरच आहे. उणे-अधिक १० च्या आत मी गाडीला हात लावत नाही.

अॅडॅप्टर नाही आणि बॅटरीच काढायची असं ठरलं असेल, तर सगळ्या काचा खाली करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, गाडीत नाही. स्टिरिओला कोड असेल तर तो हाताशी हवा. चावी बंद करून दहा मिनिटं थांबा, कारण इंजिन बंद झाल्यावरही ईसीएम थोडा वेळ जागा राहून लिहायचं ते लिहून घेतो. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. हे मी सवयीने सांगत नाही. आमच्या ओळीतल्या एका पोराच्या अंगठीतून पाना आणि बॉडीच्या मध्ये करंट गेला होता, अंगठी लाल झाली, बोटावर तिचा वळ आजही आहे. म्हणूनच आधी निगेटिव्ह काढायचं. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला लागला तर शॉर्ट, आणि साधी १२ व्होल्टची बॅटरीही शॉर्टमध्ये शेकड्यांनी अँपिअर ओतते. निगेटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला लागला तर काहीच होत नाही. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. सुटलेलं टर्मिनल फडक्यात गुंडाळून बाजूला अडकवा, नाहीतर ते आपोआप परत टेकतं. पॉझिटिव्हला हातही लावू नका, गरज नाही. अर्धा तास पुरे.

जोडण्याआधी टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पूर्ण कोरडं करा, घट्ट करा, वरून थोडं व्हॅसलीन. टर्मिनल हाताने हलता कामा नये. सैल टर्मिनलमुळे स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि नवे, अर्थहीन कोड येतात. मग माणूस म्हणतो, रीसेट केल्यावर गाडी आणखी बिघडली.

बॅटरीऐवजी फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ईसीएमचा फ्यूज दाखवलेला असतो, चावी बंद असताना तो काढूनही जुन्या गाड्यांत हेच साधतं. पण झाकणावरचं चित्र नीट वाचता येत असेल तरच.

दोन उचापती अजिबात नकोत. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणं. डायनामो चार्जिंग करतो का बघायला जुने फिटर हे करायचे. तेव्हाच्या ॲम्बेसिडरला, फियाटला चालून जायचं, कारण जळायला त्यात काही नव्हतंच. आज अल्टरनेटर चालू असताना बॅटरी सोडलीत तर क्षणभर चाळीस-पन्नास व्होल्टच्याही वर झटका जाऊ शकतो आणि ईसीएम मरतो. दुसरी म्हणजे 'उरलासुरला करंट जावा' म्हणून दोन्ही केबली एकमेकींना टेकवणं. दोन्ही बॅटरीपासून सुटलेल्या असतील तर ठीक, पण घाईत एक जोडलेलीच राहिली आणि दुसरी चुकून परत आपल्या टर्मिनलला टेकली तर मोठा भडका. हेडलाइटचं बटण ऑन ठेवलं तरी तोच उपयोग होतो.

जोडून झाल्यावर चावी ऑन करून दहा-पंधरा सेकंद तशीच ठेवा. मग रेस न देता चालू करा. एसी, लाइट, पंखा सगळं बंद. इंजिन तापून रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर राहू द्या. पहिल्या मिनिटांत आरपीएम वरखाली होईल, एखाद वेळी बंदही पडेल, घाबरू नका. नंतर एसी लावून पाच मिनिटं. मग पंधरा-वीस किलोमीटर साधी रपेट: थोडं गावात, थोडं हायवेला तिसऱ्या-चौथ्यात एका वेगाने, मधे मधे ॲक्सिलेटर सोडून गाडी गिअरमध्येच वाहू द्यायची. तुमच्या गाडीत हे सगळं पेट्रोलवर करा, गॅसचं बटण बंद. पॉवर विंडोची एका दाबात वर जाणारी काच बिघडली असेल तर पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरा. स्टिअरिंगचा दिवा लागला तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे नेलं की बऱ्याच गाड्यांत जातो.

'रीसेटने पिकअप वाढतो' असं ऐकलं असेल. रीसेटने गाडीत नवीन ताकद येत नाही. फार तर निकृष्ट पेट्रोलवर नॉकिंग (इंधन वेळेआधी पेटून इंजिनात टकटक) झाल्यामुळे ईसीएमने ठिणगी मागे खेचलेली असेल ती परत जागेवर येते, आणि चांगलं पेट्रोल भरल्यावर ती तशीही आली असती. टाकीचं झाकण घट्ट केलं की दिवा जातो, हा इंटरनेटवरचा सल्लाही अमेरिकेतला आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का ते तपासतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ती सोय नसते, त्यामुळे झाकण शंभर वेळा आवळलं तरी दिव्याला फरक पडत नाही.

काही ठिकाणी मात्र घरी हात लावूच नये. दिवा लुकलुकत असेल तर ती मिसिंगची ताकीद असते: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. फलटणहून येणारे एक गृहस्थ दोन महिने दर रविवारी बॅटरी काढत होते. दहाचा पाना त्यांनी ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवला होता आणि निगेटिव्हच्या नटाचे आटे पार गुळगुळीत झाले होते. दिवा साठ-सत्तर किलोमीटर बंद राहायचा, मग परत. माझ्याकडे आले तेव्हा दोन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल गेलेली होतीच, पण कन्व्हर्टरची आतली जाळी वितळून सायलेन्सरची वाटच बुजली होती. पहिल्या रविवारी आले असते तर एका कॉइलवर भागलं असतं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याच्या किमतीचा आकडा ऐकून ते बराच वेळ स्टुलावर बसून राहिले.

एअरबॅग आणि एबीएसचे दिवे वेगळ्या मॉड्यूलचे असतात. बॅटरी काढून ते जात नाहीत, आणि स्वस्त अॅडॅप्टर ते वाचतही नाही. तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची. बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरला असेल तर कोड पुसल्याने काजळी कमी होत नाही, ती जाळायला हायवेला सलग पळवावी लागते किंवा स्कॅनरने रीजनरेशन करावं लागतं. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच सेन्सर असतो, तो आवळून-खेचून काढू नका. हायब्रिडमधल्या नारिंगी केबलींच्या जवळपासही जाऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर काहीही न पुसता तशीच कंपनीकडे न्या. कोड हाच तुमचा पुरावा असतो.

पुरावा नाहीसा केला तरी मागमूस राहतोच. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तोच अॅडॅप्टर खिशात ठेवा. 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले' हा आकडा बऱ्याच गाड्या सांगतात. शिवाय ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, पुसल्यानंतर 'अपूर्ण' दिसतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालणं लागतं. विकणारा म्हणतोय कधी दिवा लागलाच नाही, आणि ॲप म्हणतंय पुसून १२ किलोमीटर झाले, तर चहा प्या आणि निघा.

तुमच्याकडे परत येतो. उद्या सकाळी थंड गाडीवर कोड आणि फ्रीझ फ्रेम बघा, फोटो काढा. बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीभोवतीचे पाइप आणि कप्लर (वायरींचे प्लॅस्टिकचे जोड) बघा, सर्व्हिसिंगमध्ये एखादा कप्लर अर्धवट लागलेला असतो, नीट बसला की 'टक्' वाजतो. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा, पावसाळ्यात माझ्याकडच्या दिव्यांपैकी बरेच त्यांचेच असतात. मग इंजिन पूर्ण गरम करून लाँग टर्म ट्रिमचे चार आकडे लिहून घ्या: पेट्रोलवर आयडलला, पेट्रोलवर न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमला, आणि हेच दोन गॅसवर. इंधन बदलल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवूनच आकडा घ्या. आयडलला जास्त आणि २५०० ला कमी असेल तर चोरटी हवा आहे, थ्रॉटलचं गॅस्केट आधी उघडा. आयडलला ठीक आणि वर चढत असेल तर पेट्रोलचा दाब किंवा फिल्टर. पेट्रोलवर शून्याकडे आणि गॅसवर अधिक १५ च्या पुढे जात असेल, तर बॅटरीला हात न लावता थेट किटवाल्याकडे जा. हे आकडे मिळाले की कोडसकट मला सांगा, म्हणजे आधी काय उघडायचं ते नेमकं सांगता येईल.